‘टॉक्सोफिलस’ ग्रंथांतील धनुष्यपरीक्षा व पिळाचें लांकूड

इ. स. १५४५ सालीं रॉजर ॲस्कम या केंब्रिजच्या पंडितानें ‘टॉक्सोफिलस’ नांवाचा धनुर्विद्येवरील ग्रंथ लंडन येथें छापवून आठव्या हेन्री राजास अर्पण केला. त्याच वर्षीं १९ जुलै रोजीं त्याच राजाची ‘मेरी रोझ’ नांवाची युद्धनौका इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाली. तिच्या पोटांत लष्करी धनुष्यांचा मोठा सांठा होता. पुढें सव्वाचारशें वर्षें तो गाळाखालीं राहिला. सन १९७९ पासून झालेल्या शोधांत व ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं नौकेचा सांगाडा वर काढला त्या सुमारास १७० च्या वर धनुष्यें हातीं आलीं. एकाच राजाच्या अमदानींतील, एकाच वर्षाचा ग्रंथ व त्याच वर्षाचीं हत्यारें अशी समोरासमोर ठेवण्याची संधि इतिहासाभ्यासकांस क्वचितच मिळते. या संधीचा उपयोग करून ॲस्कमच्या ग्रंथाची एका मुद्द्यापुरती परीक्षा करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो मुद्दा म्हणजे पिळाच्या लांकडाचा.

विषय परदेशचा असला तरी आमच्या वाचकांस तो परका वाटूं नये. आपल्याकडील संग्राहकांजवळ जुनीं धनुष्यें असतात व धनुर्वेदाच्या पोथ्याही असतात. पोथींत ‘निर्दोष’ धनुष्याचें लक्षण वाचावयाचें व त्या लक्षणानें हातांतील वस्तूचा निवाडा करावयाचा, ही रीत सहज अंगवळणीं पडते. धनुष्याचें टोक एका अंगास फिरलेलें दिसलें कीं तें ‘सर्दीनें बिघडलेलें’ किंवा ‘अडाणी कारागिराचें’ ठरतें. हा निवाडा पुष्कळदां चुकीचा असतो, आणि चुकीच्या निवाड्यामागून वस्तु सरळ करण्याचा मोहही येतो. म्हणून ग्रंथोक्त लक्षण कोणासाठीं लिहिलें आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रथम ग्रंथाच्या गुणांविषयीं. ज्या काळीं विद्वान् लोक लॅटिन सोडून लिहिण्यास कचरत, त्या काळीं ॲस्कमनें स्वभाषेंत लिहिलें व त्याचें समर्थनही केलें. ग्रंथ संवादरूप असून त्याचे दोन भाग आहेत. टॉक्सोफिलस (धनुष्याचा चाहता) व फिलोलॉगस (ग्रंथांचा चाहता) हे दोघे बोलत असतात. पहिल्या भागांत धनुर्विद्येची थोरवी व दुसऱ्यांत प्रत्यक्ष शिक्षण आहे. उभें राहणें, बाण दोरीस लावणें, ओढणें, धरणें व सोडणें हीं त्यानें पाडलेलीं पांच अंगें आजही शिकविणारे वापरतात. साधनांविषयीं लिहितांना त्याची दृष्टि बारीक आहे. धनुष्याचें लांकूड फांदीचें, रोपाचें कीं खोडाचें याचा भेद तो सांगतो व खोडाचें उत्तम मानतो. यू वृक्ष (हिमालयांत ज्यास थुनेर म्हणतात त्याच्या जातीचा) तो सर्वश्रेष्ठ ठरवितो. एल्म, ॲश इत्यादि लांकडांस खालचा दर्जा देतो. राजानें या ग्रंथाबद्दल त्यास सालीना १० पौंडांची नेमणूक करून दिली, ती अस्थानीं झाली असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां मुद्द्याचें स्थळ. दुकानांत गेल्यावर कोणतें धनुष्य निःशंकपणें विकत घ्यावें हें ॲस्कम सांगतो. तें बारीक, लांब, जड व जोरदार असावें, सरळ पडलेलें असावें, पिळलेलें नसावें, आणि गांठ, फोड, वाऱ्यानें पडलेली भेग, डाग, कुरतडल्यासारखी खूण अथवा चिमटा यांनीं दूषित नसावें, असा त्याचा आशय आहे. येथें ‘सरळ’ व ‘पिळलेलें नसावें’ हे दोन शब्द त्यानें शेजारींशेजारीं घातले आहेत. कित्येक वाचक दुसऱ्यास पहिल्याची पुनरुक्ति समजतात. आमचे मतें तशी ती नाहीं. लांकडाचा वांकडेपणा एका प्रकारचा नसतो. दांडा बाजूस वांकलेला असतो. पुढें किंवा मागें वांकलेला असतो. गांठीला वळसा घालून नागमोडी गेलेला असतो. आणि चौथा प्रकार असा कीं, दांडा लांबींत अगदीं सरळ असूनही आपल्याच आंसाभोंवतीं फिरलेला असतो. हा चौथा प्रकार म्हणजे पीळ. सुतार दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून एका डोळ्यानें पाहतो व त्या समांतर नसल्या तर फळी पिळली आहे असें म्हणतो. इंग्रज सुतारांतही या परीक्षेस ॲस्कमनें वापरलेल्या त्याच धातूचा शब्द आजपर्यंत चालत आला आहे. तेव्हां ॲस्कमला दोन्ही दोष निरनिराळे माहीत होते, हें त्याच्या बाजूनें मान्य केलें पाहिजे.

परंतु येथेंच आमच्या आक्षेपास आरंभ होतो. पिळलेलें धनुष्य घेऊं नये इतकें सांगून ॲस्कम पुढें जातो. पीळ कोठून येतो, कोणता पीळ घातक व कोणता निरुपद्रवी, हें तो सांगत नाहीं. न सांगितल्यामुळें वाचकाच्या मनावर असा ठसा उमटतो कीं, चांगल्या कारागिराच्या हातून पिळलेलें धनुष्य निघणेंच शक्य नाहीं. हा ठसा खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं लांकडाची प्रकृति थोडी तपासली पाहिजे.

झाडाचे तंतु सर्वत्र खोडाच्या उभ्या रेषेंत सरळ चढत नाहींत. पुष्कळ झाडांत ते दोरखंडाच्या पेडांप्रमाणें खोडाभोंवतीं वळसा घेत चढतात. उभ्या झाडाच्या सालीवरील रेघा तिरकस जातात, त्यावरून याचा तर्क करतां येतो. साल काढलेलें खोड वाळूं लागलें म्हणजे तर संशयच राहत नाहीं. कारण वाळतांना पडणारी भेग तंतूंच्या मधून जाते, तंतु तोडून जात नाहीं. भेग तिरकस असेल तर तंतु तिरकस आहेत असें समजावें. असें खोड पाचरी ठोकून फाडलें तर निघणारा फाळका पंख्याच्या पात्यासारखा पिळलेला निघतो. तेंच खोड करवतीनें कापलें तर दांडा डोळ्यास सरळ दिसतो, परंतु त्यांतील तंतु एका कांठाकडून दुसऱ्या कांठाकडे तिरकस जाऊन जागोजाग तुटलेले असतात.

या भेदाची किंमत केवढी आहे तें आंकड्यांनीं सांगतां येतें. अमेरिकेंतील मॅडिसन येथील सरकारी वनोत्पन्न-प्रयोगशाळेच्या कोष्टकाप्रमाणें, सरळ तंतूंच्या लांकडाची वांकतांना टिकण्याची शक्ति १०० धरली, तर २० इंचांत १ इंच तिरकस जाणाऱ्या तंतूंच्या लांकडाची ती ९३, १० इंचांत १ इंच असतां ८१ व ५ इंचांत १ इंच असतां ५५ राहते. एकाएकीं बसणाऱ्या धक्क्यास टिकण्याची शक्ति याहून झपाट्यानें घटते. ती अनुक्रमें ९०, ६२ व ३६ अशी आहे. धनुष्याची पाठ, म्हणजे धनुर्धराकडून पलीकडे असलेली बाजू, ओढतांना ताणली जाते. त्या बाजूस तंतु तुटलेले असले तर तेथूनच कुसळ उठतें व धनुष्य मोडतें. म्हणून जाणता कारागीर पिळाच्या लांकडास करवतीनें सरळ करीत नाहीं. तो तंतूंच्या मागें जातो, आणि तंतु पिळले असतील तर धनुष्यही पिळूं देतो.

येथें वाचक विचारील कीं, पिळलेलें धनुष्य चालतें कसें? मूठ (अमरकोशांतील लस्तक) मध्यें धरून पाहिलें असतां एका बाजूच्या वळशामुळें वरचें टोक एका अंगास व खालचें टोक विरुद्ध अंगास फिरलेलें दिसतें. फेरा थोडा असेल, आणि दोन्ही टोकांवरून ताणलेली दोरी मुठीच्या मध्यावरून जात असेल, तर नेमांत बाध येत नाहीं. फेरा फार असेल तर मात्र ओढतांना बाहू बाजूस वांकूं पाहतो, धनुष्य हातांत फिरतें व दोरी टोकाच्या खांचेंतून निसटण्याचें भय असतें. अशा वेळीं कारागीर दांडा आधीं जवळजवळ हव्या त्या जाडीवर तासून पातळ करतो. मग वाफेवर, अगर तेल किंवा चरबी लावून निखाऱ्यावर, पिळाची जागा चांगली तापवितो. वाफेवर धरल्यास दर इंच जाडीस सुमारें एक तास धरण्याची रीत आहे. तापल्यानें तंतूंस जोडणारें द्रव्य नरम होतें. त्या स्थितींत मूठ आवळून टोकास तरफ लावून उलट फेरा देतात, तोही हव्या त्याहून किंचित् अधिक. कारण सोडल्यावर लांकूड थोडें मागें फिरतें. थंड होईपर्यंत तसेंच बांधून ठेवतात. वाफेनें काढलेला पीळ दमट हवेंत परत येऊं पाहतो, कोरड्या उष्णतेनें काढलेला अधिक टिकतो. उरलेला थोडा फेरा दोरी हळूहळू ओढून पाहत, जी कड ताठ असेल तेथील लांकूड खरवडून, बेतांत आणतात.

आश्चर्य असें कीं, या सर्व क्रियेची खूण ॲस्कमच्या स्वतःच्या ग्रंथांत आहे. धनुष्यकारांनीं दांडे नीट मुरवावे, नीट घडवावे, त्यांस योग्य उष्णता द्यावी व दोरीवर ओढून पुष्कळ परीक्षा करावी, अशी विनंति तो एका जागीं करतो. ही ‘योग्य उष्णता’ कशासाठीं, हें तो तेथें उलगडत नाहीं. आमचे मतें तिचें मुख्य प्रयोजन वांकडेपणा व पीळ काढणें हेंच असलें पाहिजे. मुरलेल्या लांकडास पुन्हां तापविण्याचें याहून उघड कारण धनुष्यकाराच्या कामांत दिसत नाहीं. तसें असेल तर ‘पिळलेलें घेऊं नये’ या वाक्याचा खरा अर्थ असा होतो कीं, ज्याचा पीळ दुकानांत येईपर्यंत कारागिरानें काढला नाहीं किंवा ज्याला तो काढतां आला नाहीं, तें घेऊं नये. हा गिऱ्हाइकास केलेला उपदेश आहे. लांकूड निवडणाऱ्याचा किंवा घडविणाऱ्याचा तो नियम नव्हे.

या अर्थास ग्रंथांतीलच दुसरें एक स्थळ पोषक आहे. गांठीच्या जागीं लांकूड कमजोर असतें व तेथून धनुष्य खचूं लागतें, म्हणून चांगले धनुष्यकार प्रत्येक बारीक गांठीपाशीं लांकूड उंच राखतात, असें ॲस्कम स्पष्ट लिहितो. म्हणजे विकत घेणाऱ्यास तो ‘गांठ नको’ म्हणतो व घडविणाऱ्याविषयीं लिहितांना ‘गांठ असल्यास असें करतात’ म्हणतो. गांठीच्या बाबतींत दोन्ही बाजू त्यानें दिल्या. पिळाच्या बाबतींत एकच दिली. ग्रंथाची उणीव ती एवढीच, पण तिचे परिणाम दूरवर गेले आहेत.

आतां हत्यारांची साक्ष पाहूं. ‘मेरी रोझ’वरील धनुष्यें यू लांकडाचीं असून त्यांची लांबी १.८७ पासून २.११ मीटरपर्यंत आहे. पाठीवर बाहेरचें फिकट लांकूड व पोटाकडे आंतील गाभा ठेवून तीं घडविलेलीं आहेत. पहिलें ताण सोसतें, दुसरा दाब सोसतो. गांठींच्या जागीं लांकूड उंच राखलेलें आढळतें. ॲस्कमच्या शब्दाला वस्तूनें दिलेला याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे? कारागिराची पट्टी सरळ रेषेची नव्हती, तंतूंची होती, हेंच या उंचवट्यांवरून ठरतें. आणि ज्या हातानें गांठीला मान दिला त्या हातानें पिळाला दिला नसेल, असें मानण्यास आधार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, राजाच्या भांडारांत निवडक माल जात असे, तेथें पिळाचा प्रश्नच कशाला? याचें उत्तर लांकडाच्या टंचाईंत आहे. इंग्लंडांतील यू लष्करास पुरत नसे. सन १४७२ च्या कायद्यानें, ज्या देशांतून धनुष्याचे दांडे येत तेथून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यावर दर टनामागें चार दांडे आणण्याची सक्ति करण्यांत आली. समुद्रापलीकडून सक्तीनें आणविलेला दांडा केवळ थोडा फिरलेला म्हणून फेंकून देणें कोणत्याही धनुष्यकारास परवडणारें नव्हतें. पिळाचें लांकूड कामास लावणें ही त्या काळची गरज होती. मात्र ॲस्कमचा नियम सर्वस्वीं खोटा असें आम्ही म्हणत नाहीं. फार पिळलेलें लांकूड सोडून द्यावें, हें आजचे धनुष्यकारही मानतात. वाद आहे तो मर्यादेचा, आणि ती मर्यादा गिऱ्हाइकासाठीं लिहिलेल्या वाक्यांत शोधणें व्यर्थ आहे.

हीच कसोटी आपल्या ग्रंथांस लावली असतां काय दिसतें? कौटिलीय अर्थशास्त्रांत आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणांत ताड, वेळू, लांकूड व शिंग अशा चार द्रव्यांचीं धनुष्यें सांगितलीं आहेत. तें भांडाराच्या अधिकाऱ्यासाठीं लिहिलें असल्यामुळें जाती मोजून थांबतें, आणि त्यांत अनुचित कांहीं नाहीं. वासिष्ठ धनुर्वेद व १३६३ सालची शार्ङ्गधरपद्धति (ही पीटर्सननें १८८८ सालीं मुंबईस छापली) यांतील लक्षणें अधिक बोलकीं आहेत. फार जुनें, अपक्व, जळलेलें, छिद्र असलेलें धनुष्य वर्ज्य. गळ्याशीं किंवा तळाशीं गांठ असलेलें वर्ज्य. वेळूचें असल्यास पर्वें तीन, पांच, सात किंवा नऊ असावीं, सम संख्या नसावी. अशा धनुष्यानें धनहानि होते वगैरे फलश्रुति वाचून हें सर्व शकुनशास्त्र आहे असें म्हणून सोडून देण्याकडे आधुनिक वाचकाचा कल होतो. परंतु ‘पर्व’ म्हणजे दोन गांठींमधील कांडें असा अर्थ घेतला आणि धनुष्याचीं दोन्ही टोकें गांठींपाशीं आहेत असें धरलें, तर विषम संख्येंत मधलें कांडें बरोबर मुठींत येतें व तळहाताखालीं गांठ येत नाहीं. सम संख्येंत गांठ नेमकी मुठींत येते. म्हणजे संख्येचा नियम व तळग्रंथीचा निषेध हीं एकाच व्यवहाराचीं दोन रूपें असावीं. हा आमचा तर्क आहे. पोथ्यांचे पाठभेद व जुनीं वेळूचीं धनुष्यें एकत्र ठेवून विद्वानांनीं तो पारखावा. फळाच्या भाषेमागें लपलेला कारागिराचा अनुभव ओळखावयाचा असेल, तर पोथी व वस्तु दोन्ही समोर पाहिजेत, इतकें तरी यावरून दिसून येईल.

याच दृष्टीनें संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पिळलेलें धनुष्य हातीं आलें असतां प्रथम पाठीवरील तंतूंच्या रेषा पाहाव्या. त्या कांठास समांतर राहून कांठाबरोबरच फिरत असतील, तर तो पीळ झाडाचा आहे व कारागिरानें तो समजून राखला आहे. तंतु मुठीपासून टोकापर्यंत सरळ दिसून नुसता बाहू फिरलेला असेल, तर तो पुढें आलेला विकार असण्याचा संभव अधिक. दुसरें, टोकांच्या खांचा कशा कोरल्या आहेत तें पाहावें. बाहू फिरलेला असूनही खांचा दोरीच्या रेषेस जुळवून कोरल्या असतील, तर पीळ कोरण्याच्या वेळींच होता असें सिद्ध होतें. तिसरें, खांचेंतील झीज दोन्ही कडांस सारखी आहे कीं एकाच कडेस आहे याची नोंद करावी. ही झीज त्या धनुष्यानें प्रत्यक्ष काम कसें केलें हें सांगते. डहाणू-जव्हारकडील अगर खानदेशांतील तिरकामठा असला तरी हींच चिन्हें थोड्या फरकानें लागू पडतील.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जुनें धनुष्य सरळ करण्याच्या भरीस पडूं नये. वाफ, तेल किंवा वजन यांनीं पीळ निघेलही. परंतु कारागिरानें झाडाशीं केलेला करार त्याबरोबर पुसला जाईल, व मुरलेलें जुनें लांकूड तुटण्याचें भय वेगळेंच. दोरी चढवून पाहणें तर सर्वथा टाळावें. पीळ कोणत्या दिशेचा, किती, कोठून सुरू होणारा, हें मोजून टिपणांत उतरवावें. शुद्धलेखनाच्या हौसेनें जुन्या पोथीचा पाठ बदलणारा लेखक आपण दोषी मानतों. वस्तूचा पाठ बदलणारास निराळा न्याय लावण्याचें कारण नाहीं.

तात्पर्य, ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्धराचा उत्तम ग्रंथ आहे, धनुष्यकाराचा नाहीं. त्यांतील पिळाविषयींचा शब्द खरा असला तरी अपुरा आहे, आणि त्याची पूर्ति त्याच ग्रंथांतील उष्णतेच्या व गांठींच्या वाक्यांनीं, आणि गाळांतून निघालेल्या धनुष्यांनीं होते. ज्यानें वापरावयाचें त्याच्यासाठीं लिहिलेलें लक्षण, ज्यानें घडवावयाचें त्याच्या माथीं मारूं नये, एवढा विवेक राखून हा ग्रंथ वाचला असतां त्याची योग्यता यत्किंचितही कमी होत नाहीं.